निखाऱ्यावरचं जेवण पुस्तक वाचून शिकता येतं का?

दिवाळी सरली, तुरी भरू लागल्या की नागपूरच्या आसपासच्या वावरांत रविवारच्या पार्ट्या सुरू होतात. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे किंवा पानगे, वांग्याची झणझणीत भाजी, घट्ट वरण आणि वरून तूप. शहरात त्याच दिवसांत गच्चीवर घडीची बार्बेक्यू शेगडी लागते. शेतावर शिकवायला आजोबा किंवा मामा असतात, गच्चीवर बहुतेकदा कुणी नसतं. मग पुस्तक उघडलं जातं. पुस्तकाने काम होतं, पण निम्मं. उरलेलं निम्मं कुठलं, हे आधी कळलं तर बराच कोळसा आणि बरंच चिकन वाचेल.

पुस्तकांत काय सापडतं?

आगीवर भाजण्याच्या कृती लिहून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात जेवणावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मांस भाजण्याच्या कृती आहेत. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकाच्या ग्रंथात ‘अंगारकर्कटी’ नावाचा पदार्थ येतो: गव्हाच्या कणकेचे गोळे, धूर नसलेल्या आगीवर सावकाश भाजलेले. आपला रोडगा, राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी ही सगळी याच घराण्यातली. त्या कृतीतला ‘धूर नसलेल्या आगीवर’ हा तपशील लक्षात ठेवा, तो पुढे लागेल.

छापील मराठी पुस्तकांत लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. तेव्हा घराघरात चूल आणि कोळशाची शेगडी होती, त्यामुळे निखारे कसे सांभाळायचे हे वाचणारीला ठाऊकच असायचं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, तोवर शहरी स्वयंपाकघरात स्टोव्ह आणि गॅस शिरले होते. वाटी-चमच्याच्या मापामुळे ‘रुचिरा’वर पिढ्या शिकल्या. मसाल्याचं प्रमाण, वाटण, मुरवण यासाठी अशी पुस्तकं आजही उत्तम आहेत. पण ‘मंद आचेवर’ म्हणजे गॅसची कळ फिरवणं, हे गृहीत धरलं की निखाऱ्यावर पंचाईत होते, कारण निखाऱ्याला कळ नसते.

ती उणीव इंग्रजी बार्बेक्यूची पुस्तकं भरून काढतात. स्टीव्हन रायक्लेन यांचं १९९८ सालचं ‘द बार्बेक्यू बायबल’ हे त्यातलं गाजलेलं नाव. अशा पुस्तकांतून आगीचं व्याकरण नीट समजतं. अडचण वेगळीच. त्यांतली मापं फॅरनहाइटमध्ये, शेगडी झाकणाची, कोळसा साच्यातून काढलेल्या एकसारख्या वड्यांचा आणि मांसाचे तुकडे जाड, चरबीचे. टालीवरून आणलेला लहानमोठा लाकडी कोळसा आणि खाटकाकडून आणलेली किलोभराची कोंबडी घेऊन त्या पुस्तकातली मिनिटं पाळली तर जेवण कच्चं तरी राहतं, नाहीतर करपतं. या पुस्तकांतली कारणं वाचावीत आणि मिनिटांवर फार भिस्त ठेवू नये.

आच ओळखायची कशी?

कोळसा पेटवल्यावर लगेच वर काही ठेवायचं नाही, हा पहिला धडा. ज्वाळा विझून निखाऱ्यावर राखेची पांढरी साय धरेपर्यंत थांबायचं. लाकडी कोळशाला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. पाहुणे भुकेले असतात आणि इथेच घाई होते. अर्धवट पेटलेल्या इंधनाचा धूर पदार्थाला कडवट करतो. भावमिश्राने चारशे-पाचशे वर्षांपूर्वी निर्धूम आग सांगितली ती काही उगाच नाही.

दुसरा धडा हाताचा. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा आणि सावकाश मोजा. दोन-तीन आकड्यांतच हात मागे घ्यावा लागला तर आच कडक. चार-पाच आकडे निघाले तर मध्यम. आठ-दहा निघाले तर मंद. चटका बसेपर्यंत थांबायची ही स्पर्धा नाही, हे मुलांना आधीच सांगावं.

तिसरा धडा जागेचा. सगळे निखारे जाळीखाली सारखे पसरायचे नाहीत. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू जवळपास रिकामी. ढिगावर रंग आणि खरपूसपणा येतो, रिकाम्या बाजूला पदार्थ आतून शिजतो. भाजताना जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो, त्यामागे प्रथिनं आणि साखरेतली रासायनिक क्रिया असते. लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. ती वेगाने घडायला पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर जावा लागतो. ओला पृष्ठभाग मात्र पाणी उडून जाईपर्यंत शंभराच्या आसपास अडकून राहतो. म्हणून मसाल्यातून काढलेला तुकडा निथळून मगच जाळीवर ठेवायचा.

सावजी मसाल्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. नागपूरकराला चिकन भाजायचं म्हटलं की तोच आठवतो. पण त्यातले जिन्नस आधीच भाजलेले असतात. रश्श्यात पाणी आणि तेल त्यांना सांभाळून घेतं, उघड्या निखाऱ्यावर ते दुसऱ्यांदा भाजले जाऊन कडू होतात. आधी मीठ, दही, आलं-लसूण आणि हळद लावून भाजावं. सावजी मसाला तेलात कालवून शेवटच्या दोन-तीन मिनिटांत वरून लावावा.

इंधन: जे पुस्तकांत कमी आहे

बाभळीचा कोळसा जड, तो बराच वेळ धग धरतो. पऱ्हाटी आणि तुराटी भराभर पेटतात, मोठी ज्वाळा देतात आणि लवकर विझतात. वांग्याच्या भरताला हेच हवं असतं: साल पटकन करपावी, आतला गर वाफेवर मऊ व्हावा आणि धुराचा वास आत उतरावा. खानदेशात आणि वऱ्हाडात भरताची वांगी अशीच काड्यांवर भाजतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला तर भौगोलिक मानांकनही आहे, आणि नागपूरचे शेफ विष्णू मनोहर यांनी २०१८ साली जळगावात अडीच हजार किलो भरीत केलं होतं. घरी एका वेळी दोन वांगी पुरे. ती टोचून घ्या, नाहीतर फुटतात. देठापाशी दाबून मऊ लागलं की उतरवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. साल आपोआप सुटते.

गोवरी याच्या उलट. ती धुमसते, राख धरून ठेवते आणि तासभर एकसारखी मऊ आच देते. रोडग्याची जाड कणीक, त्यातही तेल लावून एकात एक घातलेले थर, आतपर्यंत शिजायला अशीच आच लागते. ज्वाळेवर ठेवला तर बाहेरून काळा आणि आत पीठ. धूर संपला की आर पसरून त्यात रोडगे ठेवतात, वरूनही गरम राख लोटतात आणि मधूनमधून फिरवतात. झाला की बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. हा आवाज कुठल्याही पुस्तकात ऐकू येत नाही. तो ज्याच्या कानात बसला आहे अशा माणसाशेजारी हिवाळ्यातला एक रविवार बसावं. अशी माणसं आता बहुतेक घरांत सत्तरीच्या पुढची आहेत आणि त्यांचं हे ज्ञान सहसा कुणी लिहून घेतलेलं नसतं. वहीत टिपताना ‘अर्धा तास’ असं लिहू नका. किती गोवऱ्या, किती राख, वारा होता का, हे लिहा.

शिकण्याचा क्रम म्हणाल तर आधी कणीस आणि कांदे, मग वांगं, मग रोडगे. चिकन सगळ्यात शेवटी, कारण तिथे चूक महागात पडते. सुरुवातीला लेग पीस घ्यावेत, छातीचा तुकडा लवकर कोरडा पडतो. बाहेरचा रंग बघून शिजल्याची खात्री होत नाही. सर्वांत जाड भागात आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस व्हायला हवं. त्यासाठी अन्नात खुपसायचा थर्मामीटर मिळतो आणि शेगडीच्या बाकी कुठल्याही सामानाआधी तो घ्यावा. मुरवायचं ते फ्रिजमध्ये. कच्च्या मांसाला लावलेला मसाला उरला तर भाजलेल्यावर लावू नये.

शेगडी आत नेऊ नका

नागपूरची डिसेंबर-जानेवारीची रात्र चांगलीच गार असते. जेवण झाल्यावर उरलेले निखारे ऊब म्हणून खोलीत नेण्याचा मोह होतो. हे जिवावर बेतू शकतं. लाल निखाऱ्याचा धूर दिसत नाही, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं. अशा वेळी आधी माणसाला मोकळ्या हवेत आणायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. स्वयंपाकाच्या कृतीसाठी चांगली असलेली ‘निर्धूम’ आग बंद खोलीत मात्र सर्वांत फसवी. बंदिस्त बाल्कनी आणि गाडीची डिकी यांनाही हाच नियम.

फेब्रुवारी सरता सरता रान वाळतं आणि मेमध्ये पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा धुऱ्यावर आग पेटवू नये, एक ठिणगी शेजारच्या वावरात जायला पुरते. राखीव जंगलात विनापरवाना आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे पेंच किंवा बोरच्या सहलीत शेगडी घरीच राहू द्यावी.

विझवताना लाल निखाऱ्यावर एकदम पाणी ओतलं तर वाफ आणि राख अंगावर येते. शेगडीला झाकण असेल तर ते लावून हवा बंद करा, नसेल तर माती लोटा. दुसऱ्या दिवशी हात लावून गार झाल्याची खात्री करा आणि अर्धे जळलेले कोळसे वेचून ठेवा. पुढच्या वेळी ते सगळ्यात आधी पेट घेतात.