म्यून्स्टर

म्यून्स्टर : मोठ्या ख्रिस्ती उपासनामंदिराचा वाचक असा जर्मन भाषेतील नपुंसकलिंगी शब्द. ग्रीक ‘मोनास्तेरिओन’ (एकांतवासाचे स्थान) हे त्याचे मूळ होय. लॅटिन ‘मोनास्तेरियुम’च्या द्वारे तो प्राचीन जर्मनमध्ये उतरला. इंग्रजीतील ‘मिन्स्टर’ याच कुळातला.

आरंभी त्याचा अर्थ मठ एवढाच होता. पुढे तो मठाच्या, तसेच सामुदायिक नियमाने राहणाऱ्या धर्माधिकाऱ्यांच्या चर्चला लागू झाला आणि मध्ययुगाच्या उत्तरार्धात, विशेषतः जर्मन प्रदेशाच्या नैर्ऋत्य भागात, नगराच्या मुख्य चर्चचा निर्देश त्याने होऊ लागला; मग तेथे मठ असो वा नसो. उल्म येथील म्यून्स्टर मुळात केवळ नगरवासीयांचे चर्च. नगराबाहेरचे जुने चर्च वेढ्याच्या प्रसंगी गैरसोयीचे ठरते म्हणून नागरिकांनी स्वखर्चाने १३७७ मध्ये तटाच्या आत याची कोनशिला बसविली. धर्मसुधारणेनंतर ते प्रॉटेस्टंटांकडे गेले, १५४३ मध्ये काम थांबले, ते १८४४ मध्ये पुन्हा सुरू होऊन सुमारे १६१ मीटर उंचीचा मनोरा १८९० मध्ये पुरा झाला. बिशपचे पीठ मात्र येथे कधीच नव्हते.

फ्रायबुर्कच्या म्यून्स्टरचे नगराशी असलेले नाते त्याच्या प्रवेशमंडपातच कोरलेले आहे. भोवतालच्या बाजारासाठी धान्य, कापड, विटा यांची प्रमाणमापे तेथे दगडात खोदलेली असून पावांच्या आकृतींजवळ १२७०, १३१७ आणि १३२० ही वर्षे दिसतात. मापाविषयी तंटा पडल्यास दाखला हाच असे.  येथे आर्चबिशपचे पीठ १८२१ मध्ये निर्माण झाले. नाव बदलले नाही.

मोठ्या चर्चचाच वाचक असलेल्या ‘डोम’ (लॅटिन ‘डोमुस’ : गृह) या शब्दाशी असलेला भेद नियमापेक्षा प्रादेशिक रूढीचा दिसतो. कोलोन, माइन्त्स व श्पायर येथे डोम. बाझल, बेर्न, कॉन्स्टान्स व स्ट्रासबुर्क येथे म्यून्स्टर. बिशपच्या पीठावरून निवाडा करू जाता फसगत होते : फ्रांकफुर्टचा डोम पीठावाचून आहे, तर कॉन्स्टान्सच्या म्यून्स्टरला ते १८२१ पर्यंत होते.

स्थलनामे : नॉयम्यून्स्टर, आल्सासमधील मुन्स्टर, वेस्टफालियातील म्यून्स्टर; यांपैकी शेवटचे धर्मप्रचारक ल्युडगरने आठव्या शतकाच्या अखेरीस स्थापिलेल्या मठावरून. या शेवटच्या शहरातील बिशपच्या चर्चला डोम म्हणतात.