भाड्याचे संगणन आणि कचेरीची काटकसर

साधनाचे भाडे कोणत्या मापाने आकारले जाते, यावर ते वापरणाऱ्याची काटकसर बव्हंशी अवलंबून असते. पाणीपट्टी नळामागे ठरावीक असेल तर तोटी बंद करण्याची जी तत्परता दिसते, ती मीटरप्रमाणे पट्टी भरणाऱ्याच्या घरातील तत्परतेहून वेगळी असते. कचेरीतील संगणनाचा इतिहास या दृष्टीने तपासला असता, क्लाउडवरील पत्रव्यवहार, तक्ते व सभा यांच्या सॉफ्टवेअरवर व्यापारी संस्था जो खर्च करतात, त्याचा काही भाग निष्फळ का ठरतो, याचा उलगडा होतो.

या इतिहासाचा आरंभ लंडनच्या एका चहागृहवाल्या कंपनीपासून करणे युक्त होईल. जे. लायन्स आणि कंपनीने केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या यंत्राच्या धर्तीवर ‘लिओ’ हा संगणक उभारला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचे नित्याचे काम त्यावर सुरू केले. व्यापारी कचेरीच्या नियमित कामाला संगणक जुंपण्याचा हा आद्य प्रयोग होय. यंत्राची महती पुष्कळांनी वर्णिली आहे; तथापि अधिक महत्त्व आहे ते त्यामागील तयारीला. कारकुनी कामाची पद्धत कशी सुधारावी, याचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग या कंपनीत दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासूनच होता. त्यामुळे चहागृहांच्या रोजच्या मागणीचे काम १९५४ मध्ये यंत्रावर घेताना जुने कागद जसेच्या तसे यंत्रात भरण्याचा मोह टळला. प्रत्येक चहागृहाची नेहमीची मागणी आधीच नोंदलेली असे. व्यवस्थापिकेने दूरध्वनीवरून कळवावयाचे ते केवळ त्या दिवसाचे फेरफार. एका कामगाराचा पगार काढण्यास अनुभवी कारकुनाला आठ मिनिटे लागत आणि लिओला दीड सेकंद, हा आकडा वारंवार सांगितला जातो. फेरफारांची गोष्ट त्या मानाने क्वचितच कोणी सांगतो. काटकसरीचे मर्म मात्र तिच्यातच आहे. पुढे फोर्ड मोटार कंपनीच्या कामगारांची पगारपत्रकेही लिओवर होऊ लागली. म्हणजे परक्याच्या यंत्रावर मोबदला देऊन आपले काम करून घेण्याची रीत क्लाउडहून कितीतरी जुनी आहे.

अमेरिकेत आयबीएम कंपनी आपली यंत्रे भाड्यानेच देत असे. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती विकणेही तिला भाग पडले. सॉफ्टवेअरचे मूल्य यंत्राच्या दरातच मिसळलेले असे, ते वेगळे करण्याची घोषणा तिने जून १९६९ मध्ये केली. त्याच दशकात एकाच संगणकाचा वेळ अनेक वर्गणीदारांना तारेवरून वाटून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. जोडणी किती वेळ होती व यंत्राने प्रत्यक्ष किती वेळ काम केले, यांवर तेथे आकारणी होई. म्हणून उधळपट्टी असलीच तर ती बिलावरच उमटे. वैयक्तिक संगणक आल्यावर हे माप पुन्हा पालटले. १९७९ चे व्हिजिकॅल्क घ्या किंवा विंडोजसाठी १९९० मध्ये निघालेले मायक्रोसॉफ्ट ऑफिस घ्या, विकली जाई ती प्रत. प्रत धूळ खात पडली तरी तोटा एकदाच होई.

यानंतरचे माप म्हणजे माणूस. गूगलने फेब्रुवारी २००७ मध्ये आपल्या कार्यालयीन सेवांची वर्गणी दर खात्यास वर्षाला ५० डॉलर ठेवली. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ३६५ जून २०११ मध्ये आले तेव्हा लहान संस्थांसाठी दर माणशी महिना ६ डॉलर होता. दर अल्प दिसतो, आणि तेथेच फसगत होते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते आणि दिवसभर राबणारे खाते यांचे मोल बिलावर एकच असते. सबब पगारपत्रक व खात्यांची यादी दरमहा समोरासमोर ठेवून ताडून पाहणे, आणि केवळ टपाल वाचणाऱ्यास वरच्या प्रतीची योजना न देणे, ही कामे संस्थेलाच करावी लागतात. मीटर ती करीत नाही. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने करारांची जी नवी पद्धत लागू केली, तीत वार्षिक करारातील खाती आरंभीची अल्प मुदत संपल्यावर वर्षभर कमी करता येत नसत, आणि महिन्याच्या कराराचा दर वीस टक्क्यांनी अधिक होता. साधा हिशेब केला तर दहा महिन्यांपेक्षा कमी काळ लागणाऱ्या हंगामी माणसासाठी महागडा दिसणारा मासिक करारच स्वस्त पडे.

परंतु खाती छाटून होणारी बचत मर्यादितच राहणार. एकाच तक्त्याच्या दहा प्रती दहा जणांना टपालाने धाडून नंतर त्या जुळवीत बसण्याची जुनी पद्धत चालूच राहिली, तर सामाईक तक्त्याचे भाडे भरूनही तो न घेतल्यासारखाच होतो. लायन्सने यंत्रापूर्वी जे केले, ते येथे खात्यांनंतरही झालेले नसते.

विक्रेत्याच्या बाजूने पाहता, अनेक साधनांची मोट बांधून विकणे हाही दर झाकण्याचाच प्रकार होय. २०१७ मध्ये सुरू झालेली टीम्स ही सेवा ऑफिसच्या योजनांत समाविष्ट होती, आणि काही संस्था त्याच कामासाठी स्लॅकची वर्गणीही भरीत. स्लॅकने २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टची जी वचने बंधनकारक केली, त्यांनुसार टीम्सविरहित योजना कमी दराने देणे कंपनीवर सात वर्षे बंधनकारक आहे. १९६९ मध्ये यंत्रापासून सॉफ्टवेअरचे मोल अलग झाले होते. युरोपातील ग्राहकाला आता मोटेतील एका साधनाचे मोल तरी वेगळे वाचता येते.