इंग्रजीची शिकवणी: गिरगावची आणि पडद्यावरची

गेल्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं की घरबसल्या पडद्यावर परदेशी शिक्षक इंग्रजी शिकवतो, हे अगदीच नवं आहे ना? साधन नवं आहे, हे खरं. पण शिकवणीत शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांच्या भाषेला काय मानतात, हा प्रश्न जुनाच आहे. म्हणून आज मी मुंबईतल्या एका घरापासून सुरुवात करतो.

साल १८७८. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर म्हणजे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. त्यांच्याकडे सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा साधारण दोन महिने राहायला आला. विलायतेला जाण्याआधी त्याचं बोलण्यातलं इंग्रजी सुधारावं, म्हणून आय.सी.एस. अधिकारी असलेल्या थोरल्या भावाने, सत्येंद्रनाथांनी, ही सोय केली होती. मुलगा म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर, आणि शिकवणारी डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा, घरच्यांची ॲना. ती इंग्लंडला राहून आलेली, वयाने त्याच्याहून थोडी मोठी.

लोक या गोष्टीत प्रेमकथा शोधतात. शोधोत बापडे! मला त्यातली शिकवणी महत्त्वाची वाटते. रवींद्रनाथांनी पुढे लिहून ठेवलंय की आपल्याकडे पांडित्य मिरवण्यासारखं काही नव्हतं, होती ती फक्त कविता. तेव्हा या विद्यार्थ्याने आपल्या बंगाली कविता शिक्षिकेला समजावून सांगितल्या. तिने त्याच्याकडे एक नाव मागितलं, त्याने ‘नलिनी’ हे नाव दिलं, आणि पुढे लेखनासाठी तिने ते वापरलंही. म्हणजे इंग्रजीच्या तासाला बंगाली दाराबाहेर ठेवावी लागली नव्हती. शिकवणारी मराठी, शिकणारा बंगाली, शिकायची इंग्रजी. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण ती आहे याची दोघांनाही जाणीव होती.

हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. चार वर्षांनी, १८८२च्या सुमारास, पुण्यात पंडिता रमाबाई हर्फर्डबाईंकडे इंग्रजी शिकल्या. रमाबाई रानड्यांना तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या विरोधात इंग्रजी शिकावं लागलं. आणि ज्यांना ना बाई परवडत होती ना मास्तर, त्यांच्यासाठी द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. (आडनाव तेच, गंमत आहे.) मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, पुन्हा उलट. आजकाल त्या पद्धतीला हसतात. मी हसत नाही. तिच्यात विद्यार्थ्याची भाषा हा पाया होता, अडथळा नव्हता.

आता पडद्याकडे येऊ. २००७मध्ये जपानच्या रेअरजॉब कंपनीने स्काइपवरून फिलिपिनो शिक्षक जपानी विद्यार्थ्यांशी जोडून दिले. तास पंचवीस मिनिटांचा, किंमत कमी. २०१३मध्ये बीजिंगला व्हीआयपीकिड निघाली. तिथेही तास पंचवीस मिनिटांचा, पण शिक्षक अमेरिका-कॅनडातले. बीजिंगच्या मुलाची संध्याकाळ म्हणजे अमेरिकेतली पहाट, त्यामुळे तिकडे हजारो शिक्षक अंधारात उठून, हसरा चेहरा करून कॅमेऱ्यासमोर बसत. चिनी भाषा येण्याची अट नव्हती. मनिलाचा शिक्षक कितीही उत्तम असो, या कंपनीच्या दारात त्याला जागा नव्हती. म्हणजे आईबाप पैसे मोजत होते ते नुसत्या भाषेसाठी नव्हे, बोलणाऱ्याच्या मुलुखासाठीही. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला इथे राहवत नाही: भाषेचं ‘मूळ’ बोलणाऱ्याच्या पासपोर्टात असतं का? आपल्या बंगळुरूतून २००५पासून ट्यूटरव्हिस्टाचे शिक्षक अमेरिकन मुलांना शिकवत होते, इंग्रजीसुद्धा. हे ऐकून चिपळूणकर काय म्हणाले असते कोण जाणे!

मग जुलै २०२१मध्ये चीन सरकारने खासगी शिकवण्यांवर बंधनं आणली. मुलांवरचं ओझं आणि पालकांवरचा खर्च कमी करायचा, हे कारण दिलं गेलं. परदेशात बसलेल्या परकीयांना शिकवायला लावणं बंद झालं. काही महिन्यांत तो सगळा व्यवहार आटपला. मुलांची इतक्या वर्षांची ओळख, ती भरतवाक्याशिवायच संपली.

याच काळात आपल्याकडे दुसरा प्रयोग चालू होता. सुगत मित्रांनी २००९मध्ये ब्रिटनमधल्या लोकांना आवाहन केलं की आठवड्यातून थोडा वेळ द्या आणि स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोला. त्यात निवृत्त शिक्षक बरेच. शिकवायचं नाही, आजीसारखं कौतुक करायचं. २०१३मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं आणि त्यातून काही केंद्रं उभी राहिली. त्यातलं एक फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत.

फलटणच का, हे सांगायला मला आवडतं. ही संस्था उभी केली मॅक्सीन बर्नसन यांनी. जन्म अमेरिकेत, फलटणला आल्या त्या भाषेच्या अभ्यासासाठी, मराठी अशी शिकल्या की परदेशी लोकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं त्यांनी सहलेखनात तयार केली. नागरिकत्वही भारताचं घेतलं. आणि त्यांची शाळा मराठी माध्यमाची. मूल आधी स्वतःच्या भाषेत वाचायला-लिहायला लागलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

तेव्हा विलायतेतली आजी पडद्यावर येते ती अशा मुलांसमोर, ज्यांना मराठी वाचता येतं. मुलं एखादी वस्तू कॅमेऱ्यासमोर धरतात आणि इंग्रजीत सांगू बघतात. शब्द अडला की एकमेकांना मराठीत विचारतात. आजीला त्यातलं काही कळत नाही. तिने तेव्हा थांबायचं असतं.