शिकाऊ मुलगा आणि छोटा कारखानदार: वाढोण्यापासून हिमायतनगरपर्यंत

हिमायतनगर म्हणजे जुने वाढोणा, पूर्वी हदगाव तालुक्यातले, निजामाच्या राज्यातले गाव. मराठवाड्याच्या इतर गावांप्रमाणे इथेही सुतार-लोहारांचे काम बलुत्यावर चाले. शेतकऱ्याची औते वर्षभर नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. शिकाऊ म्हणजे घरचाच पोरगा. भाता ओढता ओढता, घण मारता मारता तो धंदा शिके. त्याला शिकवणे परवडते का, हा प्रश्नच पडत नसे. पोरगा पुढे बापाच्याच जागी बसे, बाहेरच्याला गावात सहसा शिरकाव नसे, त्यामुळे शिकवणीचा मोबदला घरातच राही. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात याच व्यवस्थेची झाडाझडती घेतली. गिऱ्हाईक जन्मानेच मिळत असेल, तर कसब वाढवायची निकड राहत नाही, ही तिची खरी दुखरी बाजू.

इंग्लंडमध्ये हाच हिशेब कराराने बसवला होता. १५६३ च्या कायद्याने उमेदवारी किमान सात वर्षांची ठरवली. पहिली वर्षे उस्तादाच्या तोट्याची, शेवटची फायद्याची. मुलाला मध्येच सोडून जाण्याची मुभा नसे. ही सक्ती १८१४ मध्ये उठली. कंपनी सरकारनेही १८५० मध्ये हिंदुस्थानात उमेदवारीचा कायदा केला, पण त्याचा रोख अनाथ व गरीब मुलांकडे होता आणि निजामाचा मुलूख त्याच्या कक्षेबाहेर होता.

लोखंडी नांगर, तयार अवजारे आणि पुढे ट्रॅक्टर आले तशी बलुतेदारी खिळखिळी झाली. बाजारपेठेच्या रस्त्यावर गॅरेज, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंगची दुकाने उभी राहिली आणि घरच्या पोराच्या जागी बाहेरचा पोरगा आला. उस्तादाच्या हाताखाली तो आधी पाने-स्क्रू उचलून देई, मग नट-बोल्ट, मग इंजिन. सुरुवातीला चहा-नाश्ता आणि खर्चीपुरते पैसे, हात बसल्यावर रोजी. मात्र जन्माचे बंधन गेले आणि कराराचे आले नाही. शिकलेला चेला समोरच्याच गाळ्यात दुकान टाकू शकतो, ही भीती त्यामुळे नवी आहे. याच भीतीपोटी काही उस्ताद इंजिनचे शेवटचे काम शिकवायचे टाळतात, आणि मग पोरगा कितीही दिवस राहिला तरी दुकानाला अर्धाच उपयोगी पडतो. लहान वयाच्या मुलांना कामाला लावण्याची जुनी पद्धतही आता बेकायदा आहे: चौदा वर्षांखालील मूल कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याची कामे देता येत नाहीत.

स्वतंत्र भारताचा शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, अंमल १९६२ पासून. तो प्रामुख्याने मोठ्या कारखान्यांच्या मापाचा होता. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्राने उचलला. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणे सक्तीचे केले, चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक ठेवले. पाचवी ते नववी शिकलेल्याचे किमान विद्यावेतन तेव्हा ५००० रुपये ठरले. १२५० सरकारचे धरले, तर ३७५० मालकाच्या खिशातून जातात. पहिल्या काही महिन्यांत वाया जाणारा माल आणि उस्तादाचा बुडणारा वेळ त्यावर आणखी. हा खर्च वसूल होतो तो मुलगा स्वतंत्रपणे गाडी हाताळू लागल्यावर, तेही तो टिकला तरच. आणि शिकल्यानंतर त्याला टिकवायचे तर कारागिराची मजुरी वेळेवर द्यावी लागते. उस्तादासह दोन-तीन माणसांची गॅरेजे मात्र चारच्या अटीमुळे या योजनेबाहेरच राहतात.