धुराड्यातून जाणारी ऊब

आपल्या जुन्या चुलीला एक वैल असतो. मुख्य चुलीवर भाकरी भाजत असते आणि शेजारच्या वैलावर पाण्याचे भांडे आपले मुकाट्याने तापत असते. त्याच्यासाठी वेगळे लाकूड लागत नाही. चुलीतून निसटून चाललेली ऊब वैल अडवतो, इतकेच. घरातल्या जुन्या बायका वैल रिकामा ठेवीत नसत. सुनेने ठेवला, तर ‘जाळ वाया चालला’ म्हणून तिला दोन शब्द ऐकावे लागत.

आज ज्या यंत्राची हकिगत सांगावयाची आहे, ते इंग्लंडातल्या लाखो घरांत भिंतीला टांगलेले असते. पण त्याच्या पोटात जी युक्ती आहे ती या वैलाचीच आहे. जुने यंत्र काढून ही युक्ती घरोघर नेण्यास त्या देशाला किती वर्षे लागली आणि का लागली, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. आपल्याकडे अंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब असे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी अशा तांब्यापितळेच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. बंबाच्या मधोमध एक नळी, तळाशी जाळी, जाळीवर करवंट्या नाहीतर कोळसा. धूर नळीतून वर जातो आणि नळीभोवतीचे पाणी तापते. इंग्लंडातला घरगुती बॉयलर हा या बंबाचा भाऊबंदच. फरक एवढाच, की आपला बंब अंघोळीपुरता पेटतो आणि तिकडचा हिवाळाभर सारे घर ऊबदार ठेवतो. तापलेले पाणी नळांतून खोल्याखोल्यांत जाते. तिथे भिंतीलगत पत्र्याच्या चपट्या पेट्या असतात, त्यांना रेडिएटर म्हणतात. पेटी खोली तापवते आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. बाहेर पाणी गोठत असताना हा बॉयलर रुसला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि तान्ह्या मुलांच्या जिवावर बेतू शकते. भर उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणजे आपला जीव जसा टांगणीला लागतो, तसेच ते आहे.

आता थोडे मागे जाऊ. तिकडे घरे तापत होती ती कोळशाच्या शेकोटीवर. भिंतीत कोनाडा, त्यात निखारे आणि वर धुराडे. पुष्कळ घरांत शेकोटीच्या पाठीमागे पाण्याची एक टाकी बसवीत. तिला ‘बॅक बॉयलर’ म्हणत. हा झाला विलायती वैल! पण बहुतेक ऊब धुराड्यानेच आकाशात जाई. अंघोळीचे पाणी झटपट तापावे म्हणून लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थाने 1868 साली गॅसवर चालणारे एक यंत्र काढले. आइसलंडमध्ये उकळत्या पाण्याचा जो झरा उसळतो, त्याच्या नावावरून त्याने यंत्राला ‘गीझर’ हे नाव दिले. आपल्या न्हाणीघरात आज हाच शब्द रुळला आहे. मात्र या पहिल्या गीझरला जळलेला वायू घराबाहेर नेणारी नळीच नव्हती, आणि ही उणीव जीवघेणी होती. हा मुद्दा ध्यानात ठेवा. शेवटी त्याच्याकडे पुन्हा येऊ.

लाखो धुराड्यांतून कोळशाचा धूर निघत राहिला की काय होते, हे लंडनने 1952 च्या डिसेंबरात पाहिले. 5 तारखेपासून पाच दिवस वारा पडला, धुके दाटले आणि त्यात धूर कोंडला. स्वतःची पावले दिसेनाशी झाली. या काळात सुमारे 4,000 माणसे जास्त दगावली असा तेव्हाचा हिशेब होता. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा 12,000 पर्यंत नेला. यानंतर 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. ठरवलेल्या भागांत धूर करणारे इंधन जाळण्यास मनाई आली. पण सरकारने नुसती मनाई करून हात झटकले नाहीत. जुनी शेकोटी बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक पैशातून मिळण्याची सोय त्याच कायद्यात होती. गरिबाला ‘जुने टाक’ म्हणून सांगणे सोपे असते. पण नव्याचे पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न कायदा करणाऱ्याने आधी सोडवावा लागतो.

दुसरा मोठा बदल समुद्राने घडवला. 1965 साली उत्तर समुद्राच्या तळाखाली ब्रिटनला नैसर्गिक वायू सापडला. तोवर शहरांतला गॅस कोळशापासून बनवलेला असे आणि त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड असे. समुद्रातला वायू त्या मानाने स्वच्छ आणि तेवढ्याच आकारमानात जवळजवळ दुप्पट उष्णता देणारा. साहजिकच जुने बर्नर त्याला चालेनात. मग 1967 ते 1977 या दहा वर्षांत कामगारांच्या तुकड्या गल्लोगल्ली फिरल्या. सुमारे 1 कोटी 30 लाख ग्राहकांच्या घरी जाऊन त्यांनी सुमारे 4 कोटी शेगड्या, गीझर आणि बॉयलर नव्या वायूला जुळवून घेतले किंवा बदलले. युद्ध नाही, आपत्ती नाही आणि देशातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत हत्यारे घेऊन माणूस शिरतो आहे, अशी कल्पना करून पहा! याच सुमारास घरोघर रेडिएटर येऊ लागले. 1972 च्या सरकारी पाहणीत शंभरांपैकी 37 घरांत अशी सोय होती. पुढे ती जवळजवळ सर्वत्र पसरली.

धूर गेला, कोळसा गेला, तरी ऊब धुराड्यातून जातच राहिली. बिडाचे ते जाडजूड बॉयलर वर्षानुवर्षे टिकत, पण त्यांतल्या जुन्यांना दिलेल्या गॅसची शेकडा 70 उष्णतासुद्धा घराच्या कामी येत नसे. आता तुम्ही विचाराल, एवढे हुशार कारागीर, त्यांना हे दिसत नव्हते काय? दिसत होते. पण धूर गरम ठेवणे त्यांना भाग होते. एक तर, गरम धूर हलका म्हणून वर चढतो. तो निवाला तर धुराडे ओढ घेत नाही. आणि दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. ते समजण्यासाठी आपल्याच स्वयंपाकघरात जाऊ.

थंड पाण्याने भरलेले पातेले गॅसच्या शेगडीवर ठेवा. पहिल्या मिनिटात पातेल्याला बाहेरून घाम सुटलेला दिसतो. हे पाणी आले कोठून? पातेले गळते आहे काय? नाही. ते ज्योतीतून आले. गॅसमधला हायड्रोजन जळतो म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो, आणि त्याचे पाणी होते. नैसर्गिक वायूतला मुख्य घटक मिथेन. 1 किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होते. मात्र ते वाफेच्या रूपात असते, म्हणून आपल्याला दिसत नाही. थंड भांड्याला भेटले की थेंब होतात.

या वाफेत केवढी ऊब दडलेली असते, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने 1760 नंतरच्या काही वर्षांतच दाखवून दिले होते. 1 ग्रॅम बर्फासारखे थंड पाणी उकळीला आणायला 100 कॅलरी लागतात. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540 कॅलरी लागतात, आणि तापमान तर एका अंशानेही वाढत नाही! ही झाली गुप्त उष्णता. शाळेच्या पुस्तकात हिला अप्रकट उष्मा म्हणतात. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती सारी परत मिळते. गॅसच्या ज्योतीतून निघणाऱ्या एकूण उष्णतेचा सुमारे दहावा हिस्सा अशा तऱ्हेने वाफेत लपून धुराड्याबाहेर जात होता.

मग ती वाफ बॉयलरमध्येच थिजवावी, नाही का? अडचण अशी, की धुरातून सुटणारे हे पाणी किंचित आंबट असते. ते बिडाला आणि साध्या लोखंडाला खाते. म्हणून जुने कारागीर धूर मुद्दाम इतका गरम ठेवीत, की आत एक थेंबही सुटू नये. उधळपट्टी त्या यंत्राच्या रचनेतच होती. धडधाकट जुना बॉयलर कितीही पुसूनपासून ठेवला तरी ती जाण्यासारखी नव्हती.

1973 साली तेलाचे भाव भडकले आणि युरोपात इंधनाची चिंता सुरू झाली. तेव्हा ही गाठ सोडवण्याची निकड वाटू लागली. 1980 नंतर हॉलंडमध्ये नव्या तऱ्हेचे बॉयलर घरांत शिरू लागले. त्यांत आंबट पाण्याला दाद न देणारे स्टेनलेस स्टील किंवा अॅल्युमिनियमची मिश्रधातू असते. खोल्यांतून निवून आलेले पाणी बाहेर निघालेल्या धुराला आधी भेटते, त्याच्यातली ऊब घेते आणि मग पुढे ज्योतीपाशी जाते. धुराची ओढ संपते, म्हणून एक छोटा पंखा त्याला बाहेर ढकलतो. थिजलेले पाणी एका नळीने मोरीत जाते. याला कंडेन्सिंग बॉयलर म्हणतात. शेकडा 90 च्या आसपास उष्णता तो घराला देतो. आता सांगा, हा वैल नव्हे तर काय?

ब्रिटनमध्ये मात्र तो वीसेक वर्षे फारसा चालला नाही. महाग, नवा आणि बसवणाऱ्या कारागिरांच्या सवयीचा नाही. अखेर एप्रिल 2005 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नियम झाला, की जुना गॅस बॉयलर बदलताना, मोजके अपवाद सोडून, कंडेन्सिंगच बसवावा. पुढे जानेवारी 2010 मध्ये इंग्लंडात सर्वांत उधळ्या प्रतीचा जुना बॉयलर काढून टाकणाऱ्या सव्वा लाख घरांसाठी प्रत्येकी 400 पौंडांची मदत सुरू झाली.

आणि त्याच वर्षी नव्या यंत्राची परीक्षाही झाली. 2010 चा डिसेंबर ब्रिटनमध्ये शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. थिजलेले पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पुष्कळ ठिकाणी बारीक होत्या आणि घराबाहेरून नेलेल्या होत्या. त्या नळ्यांतले पाणी गोठले, बोळा बसला आणि ऐन कडाक्यात अनेक नवे बॉयलर आपोआप बंद पडले. जुना उधळा होता, पण या कारणाने तो कधी बंद पडला नसता! लोक वैतागले यात नवल नाही. दोष युक्तीत नव्हता, नळीत होता. नळी शक्यतो घरातून न्यावी, बाहेर न्यावी लागली तर जाड घ्यावी आणि तिला गुंडाळून ठेवावे, हा धडा त्या हिवाळ्याने पक्का केला.

दुसरी गोष्ट सवयीची. धुरातली वाफ साधारण 55 अंशांच्या खाली आल्याशिवाय थिजत नाही. म्हणजे खोल्यांतून परतणारे पाणी त्याहून थंड हवे. पण पुष्कळ घरांत नवा बॉयलर बसवला आणि पाणी जुन्या सवयीने 80 अंशांवरच ठेवले. मग वाफ कशी थिजणार? पैसे नव्याचे मोजले आणि चाल जुनीच राहिली. 2022 साली गॅसचे भाव कडाडले, तेव्हा कुठे लोकांना घराघरांत सांगितले जाऊ लागले, की रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान 60 अंशांपर्यंत उतरवा. आपल्याकडे सुधारलेले बियाणे आणून पेरणी जुन्याच पद्धतीने करणारा शेतकरी आपण पाहिलेला आहे. त्यातलाच हा प्रकार.

आज तिकडे याच्याही पुढचे पाऊल पडते आहे. गॅस न जाळता बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेणारे विजेचे पंप येत आहेत. तेही बसवणाऱ्याच्या हातावर आणि वापरणाऱ्याच्या सवयीवरच अवलंबून राहणार.

या हकिगतीतून आपण काय घ्यायचे? आपल्याला घर तापवायचे नाही. पण आपल्या कितीतरी न्हाणीघरांत आज गॅसचा गीझर आहे आणि न्हाणीघर बहुधा लहान असते. थंडी लागते म्हणून खिडकी बंद, झरोका बंद, आणि आत ज्योत जळते आहे. हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोके जड वाटते, गुंगी येते आणि दार उघडण्याचे भान राहत नाही. अशी माणसे आपल्याकडेही दगावली आहेत. 1868 च्या गीझरमधली ती उणीव आपण पुन्हा घरात आणता कामा नये. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. निदान जळलेला वायू बाहेर नेणारी नळी आणि उघडा झरोका असल्याशिवाय तो पेटवू नका. ऊब अवश्य अडवावी, पण धूर अडवू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. वर्गात गुप्त उष्णता शिकवताना मुलांना घरी थंड पातेल्याचा घाम पहायला सांगा, आणि ज्यांच्या घरी अजून चूल आहे त्यांना वैल दाखवायला सांगा. आजीने वैलावर पाणी का ठेवले, हे ज्या मुलाला कळले, त्याला हा सारा बॉयलर कळला असे समजावे.