‘सेंटिमेंटल’चा उतरता प्रवास

‘सेंटिमेंटल’ या इंग्रजी विशेषणाचे मूळ ‘जाणवणे’ अशा अर्थाच्या ‘सेंतिरे’ या लॅटिन क्रियापदात असून, त्यापासून बनलेले ‘सेंटिमेंट’ हे नाम भावना आणि मत असे दोन्ही अर्थ घेऊन फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. अठराव्या शतकाच्या मध्यास हे विशेषण इंग्लंडच्या सुशिक्षित वर्तुळात इतके बोकाळले, की १७४९ मध्ये लेडी ब्रॅडशॉ यांनी कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन यांना पत्राने त्याचा नेमका अर्थ विचारला. परदुःखाने द्रवणे, म्हणजेच सहृदयता, हे तेव्हा नैतिक उंचीचे लक्षण मानले जात असल्याने लॉरेन्स स्टर्न यांच्या ‘अ सेंटिमेंटल जर्नी’ (१७६८) या कादंबरीच्या नावात हा शब्द गौरवार्थी आला; तिच्या जर्मन अनुवादासाठी नाटककार-समीक्षक लेसिंग यांनी सुचवलेले ‘एम्प्फिंडझाम’ हे विशेषण तर जर्मनीतल्या एका वाङ्मयीन प्रवाहाची ओळख ठरले. पुढे मात्र प्रसंगाच्या मानाने अतिरिक्त आणि स्वतःच्याच अश्रूंवर खूश असलेल्या भावनेला हे विशेषण लावले जाऊ लागले. ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’ या प्रयोगात, म्हणजे वस्तूच्या बाजारभावापलीकडील स्मृतिमूल्यात, टीकेचा सूर नाही. मराठी बोलण्यातील ‘सेंटी’ मात्र बहुधा चिडवण्यासाठीच वापरला जातो.