घरगुती बिअरनिर्मितीतील दोष

घरगुती बिअरनिर्मितीतील दोष म्हणजे तयार संचाच्या साहाय्याने लहान प्रमाणावर केलेल्या बिअरच्या चवीत, वासात, फेसात किंवा स्वच्छतेत आढळणारी वैगुण्ये होत. बिअर बिघडली की दोष सामान्यतः संचाला किंवा कृतीला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक दोषांचे मूळ तापमान, यीस्टची अवस्था आणि भांड्यांची स्वच्छता या तीन गोष्टींत असते. चव, वास आणि द्रवाची घनता यांवरून दोषाचे कारण बऱ्याच अंशी निश्चित करता येते.

पार्श्वभूमी

मोड आणून वाळवलेल्या सातूस माल्ट म्हणतात. माल्टमधील शर्करा पाण्यात उतरवून, हॉप्सच्या फुलांसह उकळून जो गोड काढा मिळतो त्यास वर्ट म्हणतात. यीस्ट या वर्टमधील शर्करेचे रूपांतर अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत करते. ही क्रिया म्हणजे किण्वन.

बिअर का बिघडते याचा शास्त्रीय उलगडा एकोणिसाव्या शतकात झाला. लुई पाश्चर याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या बिअरविषयक ग्रंथात बिघाडाचे कारण परके सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन याने १८८३ साली एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. त्याच सुमारास कार्ल फोन लिंडे याच्या शीतयंत्रांमुळे कोणत्याही ऋतूत तापमान आवाक्यात ठेवणे शक्य झाले. स्वच्छता, शुद्ध यीस्ट आणि थंडावा हेच तीन उपाय आजच्या घरगुती बिअरलाही लागू पडतात.

खडकी आणि हवामानाचा प्रश्न

खडकी हा पुण्याचा मुळा नदीकाठचा भाग होय. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे पेशवे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात लढाई झाली आणि पुढे येथे लष्करी छावणी वसली. गोऱ्या सैनिकांत बिअरला मोठी मागणी असे. एच. जी. मीकिन याने १८८७ साली एडवर्ड डायर याच्या शिमला व कसौली येथील ब्रुअरी विकत घेतल्या आणि पुढे राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग व खडकी येथे नव्या ब्रुअरी उभारल्या. या यादीतील खडकी वगळता सर्व ठिकाणे हिमालयाच्या थंड डोंगरांत आहेत. खडकी मात्र सुमारे ५६० मीटर उंचीवर दख्खनच्या पठारावर आहे. येथे एप्रिलमध्ये दुपारचे तापमान ३७–३८ अंश सेल्सिअसपर्यंत जाते, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ते १२ अंशांच्या आसपास उतरते.

एल प्रकारच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश आणि लागर प्रकारच्या यीस्टला ८ ते १३ अंश तापमान मानवते. किण्वनात स्वतःची उष्णता निर्माण होत असल्याने भांड्यातील द्रव खोलीतील हवेपेक्षा काही अंशांनी अधिक उष्ण असतो. त्यामुळे पुण्यासारख्या हवेत थंडीचे दिवस एलला अनुकूल ठरतात, तर उन्हाळ्यात शीतकपाटाखेरीज चांगली बिअर होणे दुरापास्त असते. भांडे पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओले फडके गुंडाळल्यास, माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते त्याच तत्त्वाने, तापमान काही अंशांनी उतरते. हा उपाय कोरड्या हवेत चालतो, पावसाळ्याच्या दमट हवेत फारसा चालत नाही.

संचातील घटक

सर्वसाधारण संचात हॉप्सयुक्त माल्ट-अर्काचा सुमारे दीड ते पावणेदोन किलोचा डबा आणि ५ ते ७ ग्रॅम कोरड्या यीस्टची पुडी असते. त्यात साधारण एक किलो साखर व पाणी घालून सुमारे २३ लिटर वर्ट करतात. पुडी अनेकदा डब्याच्या झाकणाखाली असते. गोदामात किंवा प्रवासात डबा तापला तर माल्ट तग धरतो, पण यीस्ट दुबळे होते.

मोजमाप

दोष शोधण्याचे मुख्य साधन म्हणजे घनतामापी. पाण्याची घनता १.००० धरल्यास संचातील वर्टची आरंभीची घनता साधारण १.०४० आणि किण्वनानंतरची १.०१० असते. दोन्हींतील फरकाला १३१ ने गुणल्यास अल्कोहोलचे आकारमानानुसार टक्के मिळतात. वरील उदाहरणात ते सुमारे ३.९ येतात. मापन उपकरणावर नोंदवलेल्या तापमानालाच करावे लागते, कारण गरम द्रवाची घनता कमी दिसते. अर्क व पाणी नीट ढवळले नसल्यासही आरंभीचा आकडा चुकतो.

हवाबंद नळीतून बुडबुडे येणे थांबले म्हणजे किण्वन संपले असे नव्हे, आणि बुडबुडे आलेच नाहीत म्हणजे ते सुरू झाले नाही असेही नव्हे, कारण सैल झाकणातूनही वायू निसटतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले आणि ते अपेक्षित अंतिम घनतेजवळ असले, तरच किण्वन पूर्ण झाले असे मानतात.

लक्षणे, कारणे व उपाय

किण्वन सुरू न होणे: यीस्ट जुने असणे किंवा ते अतिउष्ण वर्टमध्ये टाकले जाणे. ४० अंशांपुढे यीस्ट मरू लागते. वर्ट योग्य तापमानाला आणून ताजे यीस्ट घालावे लागते.

किण्वन मध्येच थांबणे: घनता १.०२० च्या आसपास अडकते व चव गोड राहते. थंडी, अपुरे यीस्ट किंवा आरंभी मिळालेला अपुरा प्राणवायू ही कारणे होत. भांडे थोडे उबदार जागी हलवून तळाचे यीस्ट हलक्या हाताने ढवळतात.

पातळ, निःसत्त्व चव: साध्या साखरेचे प्रमाण अधिक असणे. साखर पूर्णपणे आंबते आणि अंगभूत चव मागे ठेवत नाही. पुढील खेपेस साखरेऐवजी माल्ट-अर्क वापरणे हा उपाय आहे.

केळ्याचा किंवा झणझणीत मद्यार्काचा वास: अतिउष्णतेत झालेले किण्वन. गव्हाच्या काही बिअरमध्ये केळ्याचा वास अपेक्षितच असतो.

हिरव्या सफरचंदाचा वास: बिअर यीस्टवरून लवकर काढल्याने ॲसिटाल्डिहाइड शिल्लक राहणे.

लोण्याचा वास: डायअसिटिल शिल्लक राहणे. किण्वनाच्या अखेरीस दोन-तीन दिवस किंचित उबदार ठेवल्यास यीस्टच ते शोषून घेते. वास टिकून राहिला व सोबत आंबटपणा असला तर जिवाणूंचा शिरकाव संभवतो.

आंबटपणा: दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंच्या गटातील लॅक्टोबॅसिलस वा पेडिओकॉकस, अथवा हवेच्या संपर्कात वाढणारे सिरक्याचे जिवाणू. अशी बिअर सुधारत नाही. भांड्यांवरील ओरखडे, नळ व तोट्या ही जिवाणूंची आश्रयस्थाने होत. भांडे आधी घासून नंतर निर्जंतुक करावे लागते, कारण मळावर जंतुनाशकाचा परिणाम होत नाही.

औषधी वास: नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा क्लोरीनयुक्त जंतुनाशकाचा अंश. क्लोरीन उकळल्याने जाते. क्लोरॅमाइनसाठी मेटाबायसल्फाइट वापरतात.

ओल्या पुठ्ठ्याची चव: किण्वनानंतर हवेचा संपर्क. बिअर ओतताना खळखळाट टाळणे हा उपाय आहे.

उग्र, गंधकासारखा वास: उजेडामुळे हॉप्समधील कडू द्रव्यांचे विघटन. तपकिरी बाटली आणि अंधारी जागा यांमुळे तो टळतो.

फेस नसणे: बाटलीत भरताना घातलेली साखर अपुरी असणे, बूच सैल असणे किंवा जागा थंड असणे. लिटरला सुमारे ६ ग्रॅम साखर आणि २० अंशांजवळ दोन आठवडे ही सामान्य मर्यादा होय.

सुरक्षितता

सर्वांत गंभीर धोका बाटली फुटण्याचा असतो. घनता १.०२० असतानाच बिअर बाटलीत भरल्यास उरलेली शर्करा नेहमीच्या मापाच्या कितीतरी पट वायू निर्माण करते आणि काचेचे तुकडे दूरवर उडतात. असा संशय आल्यास बाटल्या थंड करून, डोळे व हात झाकून वायू सोडावा लागतो.

मिथेनॉलच्या विषबाधेची भीती बिअरबाबत अनाठायी आहे, कारण धान्याच्या किण्वनात ते अत्यल्प असते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक माणसांचा बळी घेणारी दुर्घटना मिथेनॉलमिश्रित गावठी दारूमुळे घडली होती. तिचा बिअरच्या किण्वनाशी संबंध नव्हता. मात्र बुरशी धरलेली बिअर फेकून देणेच इष्ट.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. घरी स्वतःपुरती केलेली बिअरही त्यातून सुटत नाही, त्यामुळे आज खडकीतील घरात संच वापरणे बेकायदेशीर ठरते. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या डूलालीसारख्या लहान ब्रुअरी परवाना घेऊन चालतात. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत १९७८ साली मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने ठरावीक मर्यादेपर्यंतची घरगुती बिअर करमुक्त केली. या देशांत राहणाऱ्या मराठी भाषकांना संच उघडपणे विकत घेता येतो.